कपाटातला मायक्रोस्कोप बाहेर काढू द्या

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शाळांतील सूक्ष्मदर्शकांचा वापर, देखभाल आणि मोडतोडीची भीती

महोदय,



मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतून प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालो. आता आसपासच्या शाळांतून बोलावणे आले की जातो आणि तिथले मायक्रोस्कोप पुसून, जुळवून, चालते करून देतो. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत काहीतरी नवे मागितलेले असते. मला नवे काही नको. शाळांकडे आहेत तेच मायक्रोस्कोप मुलांच्या हाती पडू द्यावेत, एवढेच म्हणायचे आहे. मी जातो त्या शाळांत एखादा तरी मायक्रोस्कोप निघतोच. बहुधा तो दुरुस्त होण्याजोगा असतो, आणि बहुधा कुलपात असतो.

या कुलपामागे शिक्षकांचा आळस आहे, असे कोणी आपल्याला सांगेल. मला ते पटत नाही. कुलूप लावायला शिकवते ती डेडस्टॉकची, म्हणजे शाळेच्या कायम सामानाची, नोंदवही. मायक्रोस्कोप शाळेत आला की तिच्यात ‘नग 1’ म्हणून चढतो आणि प्रयोगशाळेचा चार्ज ज्याच्याकडे, त्याच्या गळ्यात पडतो. बदली झाली, निवृत्ती आली, की नग मोजून चार्ज द्यायचा. एखाद्या मुलाकडून 40 पटींचे वस्तुभिंग काचपट्टीवर आपटून फुटले, तर ‘कोणाच्या काळात फुटले?’ हा प्रश्न येतो आणि त्याच्या पाठोपाठ पगारातून वसुली होण्याची धास्ती येते. तेच भिंग वर्षानुवर्षे पेटीत बुरशी धरून पार आंधळे झाले, तर कोणी अवाक्षर काढत नाही. कारण नग भरतो. भिंगातून काही दिसते का, असा रकानाच त्या वहीत नाही. वापरताना मोडले तर दोष आणि न वापरता सडले तर ‘काळजी घेतली’, असा हिशेब असल्यावर शहाणा माणूस कुलूपच लावणार.

सडते कसे तेही सांगतो. मायक्रोस्कोप येतो लाकडी पेटीत. जूनपासून त्या लाकडात ओल मुरते. आत अंधार, हवा कोंडलेली, आणि भिंगावर कोणाच्या तरी बोटाचा तेलकट ठसा. बुरशीला एवढे पुरते. नेत्रभिंग नळीतून काढून उलटे धरले तर ते चांगले हातभिंग होते. त्यातून वस्तुभिंगाचे टोक पाहावे. सुरुवातीला काचेच्या कडेपासून आत सरकणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. या अवस्थेत भिंगाच्या, म्हणजे भिंगे पुसायच्या खास, कागदाने काळजीपूर्वक पुसले तर ते निघतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसेच राहिले, तर बुरशीतून सुटणारे आम्ल काचेवरचा लेप आणि मग खुद्द काच खाते. त्यानंतर पुसणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

यावरचे उपाय साधे आहेत. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. तिचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले, की स्वयंपाकाला न लागणाऱ्या भांड्यात मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्यावेत. जुन्या प्रयोगशाळांत पावसाळाभर कपाटात कमी वॅटचा पिवळा दिवा जळत ठेवण्याची पद्धत होती. त्याच्या उबेने हवा कोरडी राहते. पण सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा मायक्रोस्कोप उजेडात आणून वापरणे. ज्यावर दर आठवड्याला कोणाची तरी नजर पडते, त्यावरची बुरशी पहिल्या धाग्यालाच पकडली जाते.

साधन नाजूक आहे, मुलांच्या हातात कसे द्यायचे, असे विचारणाऱ्यांना मी डॉक्टर रोनाल्ड रॉसची हकीगत सांगतो. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रॉसला डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. मलेरिया डासांमधून पसरतो हे त्यातून उलगडत गेले आणि 1902 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्या दिवसांत त्याच्या मायक्रोस्कोपची अवस्था काय होती? कपाळावरच्या आणि हातांच्या घामाने स्क्रू गंजलेले आणि उरलेले एकमेव नेत्रभिंग तडकलेले. पंखाही चालवता येत नव्हता, कारण वाऱ्याने डास उडाले असते. आजच्या आपल्या चार्ज-यादीत तो मायक्रोस्कोप ‘नादुरुस्त’ म्हणून बाजूला पडला असता.

महोदय, पुढच्या शाळाभेटीत स्वागताचा कार्यक्रम थोडा आवरता घ्या आणि मायक्रोस्कोप मागवा. पेटीची किल्ली कोणाकडे आहे हे शोधायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा. शाळेच्या विज्ञानाची निम्मी तपासणी तिथेच होईल. मग स्टुलावर बसा आणि स्वतः लावून बघा.

उचलताना एक हात मायक्रोस्कोपच्या भुजेवर आणि दुसरा बुडाखाली. मंचाला किंवा नळीला धरून उचलू नये. टेबलाच्या कडेपासून वीतभर आत ठेवावा, खिडकीसमोर, पण ऊन थेट येणार नाही असा. आरशातून सूर्य कधीही पकडायचा नाही. डोळा जायबंदी होतो. मोकळ्या आकाशाचा उजेड सर्वांत चांगला. आरशाला दोन बाजू असतात. मंचाखाली कंडेन्सर, म्हणजे उजेड एकवटणारे भिंग, असेल तर सपाट बाजू वापरावी, नसेल तर खोलगट. सर्वांत कमी पटीचे भिंग ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत फिरवून नळीखाली आणावे. आता आत पाहिल्यावर पांढरे शुभ्र, पूर्ण वर्तुळ दिसायला हवे. वर्तुळाचा एखादा तुकडा काळा असेल, तर मायक्रोस्कोप बिघडला असे समजू नका. भिंग पुरते बसलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली वस्तू म्हणून वर्तमानपत्रातले एखादे बारीक अक्षर कापून घ्यावे. काचपट्टीवर ते सुलटे ठेवा आणि आत पाहा. शिरोरेषा खाली गेलेली दिसेल आणि काना पलीकडच्या बाजूला. पट्टी डावीकडे सरकवली की अक्षर उजवीकडे पळते. प्रतिमा उलटी मिळते हे वाक्य पाठ करायला मुलांना तास लागतो. इथे ते दोन मिनिटांत डोळ्यांनी कळते. शाईचे ठिपके आणि कागदाचे गुंतलेले धागे दिसतात ते वेगळेच.

भिंगे फुटतात ती फोकस करताना, तेव्हा इथे थोडे थांबतो. मुलगा डोळा नेत्रभिंगाला लावतो आणि मोठी चक्री फिरवून भिंग खाली आणत राहतो. आतून अंतर कळत नाही, आणि कच्चकन आवाज येतो. म्हणून मी मुलांना एकच नियम घालून देत असे : जवळ आणताना बाहेरून पाहायचे, दूर नेताना आतून पाहायचे. बाजूला वाकून, भिंग आणि काचपट्टी यांमधली फट डोळ्यांनी पाहत जवळ न्यावे. मग डोळा आत लावून सावकाश दूर न्यावे. चित्र आपोआप समोर येते. कमी पटीवर चित्र स्वच्छ झाले की मगच 40 पटींचे भिंग फिरवावे आणि त्यानंतर मोठ्या चक्रीला हात लावू नये, फक्त बारीक चक्री. या भिंगाचे टोक आणि आच्छादन काच यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते. एवढा नियम पाळला तर चाळीस मुलांच्या वर्गातही भिंग शाबूत राहते.

मग कांद्याची साल. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमटीत सहज निघतो. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा सुरकुती न पडता पसरलेला, वर आयोडीनचा थेंब, आणि आच्छादन काच एका कडेवर टेकवून सुईने हळूहळू खाली सोडलेली. घाई केली की हवा अडकते. हवेचा बुडबुडा आत गोल दिसतो, जाड काळ्या किनारीचा, अगदी ठसठशीत. पहिल्यांदा पाहणारी निम्मी मुले त्यालाच पेशी समजतात. दुसरी अडचण उजेडाची. पापुद्रा पारदर्शक असतो, आणि मंचाखालचा पडदा सताड उघडा असला तर त्या झगमगाटात पेशींच्या भिंती दिसेनाशा होतात. पडदा थोडा मिटला की विटांच्या भिंतीसारख्या ओळी उमटतात आणि एकेका पेशीत पिवळट ठिपका, केंद्रक, दिसू लागतो. उजेड कमी केल्यावर जास्त दिसते, हे मुलांना खरे वाटत नाही. त्यांच्याच हाताने तो पडदा मिटवून घ्यावा लागतो.

आपल्या शाळांतली प्रयोगवही उघडून पाहा. कांद्याच्या पेशींची आकृती जवळजवळ प्रत्येक वहीत सारखीच आहे, कारण ती पुस्तकातून किंवा गाईडमधून उतरवलेली आहे. ‘निरीक्षण’ आणि ‘निष्कर्ष’ निरीक्षणाआधीच लिहून झालेले असतात. एखाद्या मुलीने वहीत काळ्या किनारीचा बुडबुडा काढला असेल, तर ती एकटीच भिंगातून खरोखर पाहून आली आहे. तिला पूर्ण गुण द्यावेत आणि मग तो बुडबुडा का आहे ते समजावून सांगावे. पेशी प्रथम कोणी पाहिली, याला ‘रॉबर्ट हूक, बुचाचा काप, 1665’ हे उत्तर लिहून गुण मिळवलेली हजारो मुले दरवर्षी शाळेबाहेर पडतात. हूकने जे केले, म्हणजे साधा पातळ काप घेऊन त्यात डोकावणे, ते त्यांच्यापैकी अनेकांनी कधी केलेले नसते.

आणि मोजमाप? मंचावर प्लास्टिकची पारदर्शक मोजपट्टी ठेवली, तर नेहमीच्या 10 पटींच्या नेत्रभिंगातून आणि 10 पटींच्या वस्तुभिंगातून साधारण 1.8 मिलिमीटर रुंदीचे वर्तुळ दिसते. त्या रुंदीत पेशी लांबीच्या बाजूने सहा मावल्या, तर एक पेशी 0.3 मिलिमीटरची. सातवीच्या मुलीला भागाकार येतो. आणि ज्या पेशीचे माप तिने स्वतः काढले, ती पेशी पुस्तकातल्या आकृतीसारखी विसरली जात नाही.

सामान जमवायला पैसा लागत नाही. जास्वंदीचे काटेरी परागकण, रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाखालच्या सालीतली पर्णरंध्रे, विहिरीतल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात सरकणारे हिरवे कण, इडलीच्या पिठातले यीस्ट, भाकरीवरची बुरशी. कोकणात पाऊस लागला की सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, डबकी भरतात आणि काही दिवसांत त्या पाण्याच्या एका थेंबात शेवाळाचे धागे आणि धावणारे जीव सापडतात. पाहण्यासारखे सर्वांत जास्त पावसाळ्यात असते, आणि नेमके त्याच महिन्यांत मायक्रोस्कोप पेटीबंद असतो.

निगा राखायला तासाच्या शेवटी पाच मिनिटे पुरतात. काचपट्टी काढायची, मंच कोरडा पुसायचा, सर्वांत कमी पटीचे भिंग खाली आणायचे, आच्छादन घालायचे. भिंगाला बोट, रुमाल, ओढणी लावायची नाही. आधी फुंकणीच्या रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग भिंगाचा कागद. धूळ तशीच ठेवून पुसले तर तिचेच कण काच ओरखडतात. स्पिरिटात भिंग बुडवून ठेवू नये. आतली भिंगे चिकटवणारा पदार्थ त्याने सुटू शकतो. नेत्रभिंग काढून नळी उघडी ठेवू नये, आत धूळ बसते. दृश्यात काळा डाग दिसतो, पण तो आहे कुठे? नेत्रभिंग गोल फिरवा : डाग फिरला तर नेत्रभिंगावर. काचपट्टी सरकवा : डाग सरकला तर काचपट्टीवर. दोन्ही वेळा जागचा हलला नाही, तर वस्तुभिंग किंवा कंडेन्सर पाहा. सोडले की मंच किंवा नळी आपोआप खाली घसरते, ही तक्रार तर जवळजवळ प्रत्येक शाळेत ऐकतो. पुष्कळशा शालेय मायक्रोस्कोपमध्ये दोन्ही बाजूंच्या मोठ्या चक्र्या धरून परस्परविरुद्ध दिशांना किंचित पिळल्या की हा सैलपणा जातो. यासाठी ‘नादुरुस्त’ असा शेरा मारून कपाटात ठेवलेले मायक्रोस्कोप मी जागच्या जागी चालू करून दिले आहेत.

मायक्रोस्कोप असा चालता ठेवणे शासनाला जमणार नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे. तेही शासनाचेच. तिथल्या प्रयोगशाळेत थुंकीच्या नमुन्यात क्षयाचे जंतू आणि रक्ताच्या थेंबात मलेरियाचे परजीवी शोधतात, तेही 1000 पटींनी, भिंगावर तेलाचा थेंब घालून. काम संपले की तेल पुसले जाते, मायक्रोस्कोप झाकला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो. पाऊस तोच, दमट हवा तीच. तिथला मायक्रोस्कोप टिकतो, कारण तो वापरात असतो, वापरणाऱ्याला तो नीट शिकवलेला असतो, आणि न वापरता ठेवला तर वरून विचारणा होते.

आता व्हिडिओ आहेत, वर्गात पडदा आहे, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. व्हिडिओत पेशी आधीच शोधून, रंगवून, फोकस करून ठेवलेली असते. मुलाला शोधायचे काही उरत नाही, चुकायलाही जागा नसते. याउलट, भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात कागदाचा, घडी घालून बनवायचा फोल्डस्कोप तयार केला. तो सुमारे 140 पटींनी मोठे करून दाखवतो आणि खिशात मावतो. त्यांचा सारा आग्रह साधन प्रत्येक मुलाच्या हातात जावे, असाच आहे. तो आग्रह आपल्याकडे आधीपासून असलेल्या धातूच्या, चांगल्या भिंगांच्या मायक्रोस्कोपलाही लागू करावा.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली आणि मुख्य : मोडतोडीला मुभा द्या. काचपट्ट्या आणि आच्छादन काचा या खपणाऱ्या वस्तू आहेत, त्यांचा नगाने हिशेब मागू नये. वर्गात वापरताना भिंग फुटले, तर मुख्याध्यापकांच्या सहीने त्याचे निर्लेखन व्हावे आणि वसुलीचा प्रश्न येऊ नये. वस्तुभिंगांचे आटे बहुतांशी एकाच प्रमाणित मापाचे असतात. फुटलेले एक भिंग बदलता येते, त्यासाठी अख्खा मायक्रोस्कोप टाकून नवीन घ्यावा लागत नाही.

दुसरी : डेडस्टॉकच्या वहीत ‘शेवटचा वापर कधी, कोणत्या वर्गाने’ असा रकाना घाला. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने नग मोजण्याआधी भिंगातून पाहावे.

तिसरी : दरवर्षी शाळा सुरू होताना आसपासच्या शाळांच्या केंद्राची एक शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक, मायक्रोस्कोपसाठी ठेवा. त्या भागातल्या आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञाला बोलवा. अर्ध्या दिवसात शिक्षक लावायला, पुसायला आणि घसरणारा मंच घट्ट करायला शिकतील. ज्या शाळांत प्रयोगशाळा सहायकाचे पद रिकामे आहे किंवा मुळातच नाही, तिथे तर हे आधी व्हावे.

चौथी : भिंगाचा कागद, रबरी फुगा, सिलिका जेल आणि आच्छादन काचा यांवर शाळेने खर्च करावा, असे स्पष्ट लिहून द्या. लिहिलेले नसले की लेखापरीक्षणाच्या भीतीने चार पैसेही खर्च होत नाहीत.

पाचवी : दहावीच्या विज्ञानात प्रात्यक्षिकाचे 20 गुण आहेत. त्यांतले थोडे तरी, समोर ठेवलेल्या काचपट्टीवर मुलाने स्वतः फोकस करून दाखवण्यासाठी राखून ठेवा. परीक्षेत जे मागाल ते वर्गात शिकवले जाईल, हे आपल्यापेक्षा अधिक कोण जाणतो?

यातल्या एकाही मागणीसाठी विधिमंडळात पुरवणी मागणी मांडावी लागणार नाही. एका पानाचा शासन निर्णय पुरेल, आणि त्यातले एकच वाक्य सगळ्यांत मोलाचे असेल : वापरताना फुटले तर शिक्षक जबाबदार नाही. तो निर्णय येत्या जूनपूर्वी काढा. बाकीचे आमचे शिक्षक करतील.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
रत्नागिरी जिल्हा